आरसामिस्त्रीची चीर

मेहुण्याने ओल्या गिलाव्यात सुरी खुपसली, तेव्हा आरसामिस्त्री थापी धुवत होता. सकाळपासून खपून त्याने तो माल चढवला होता. दोन बोटं जाड, वरपासून खालपर्यंत एका पातळीत, पट्टी फिरवून, रंधा मारून, आणि वर पुन्हा पोलादी थापीने घोटून. माशी बसली असती तर घसरून पडली असती, अशी भिंत उतरली होती. आणि त्या भिंतीत हा कालचा पोरगा खुशाल सुरी घालतो, आडवीतिडवी ओढतो, वर हसतो.

"दाजी, एवढं घोटायचं नसतं हो," मेहुणा म्हणाला. "आता हे सगळं मला खरवडायला लागणार."

माल कालवत बसलेल्या बायकोने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. तिचं ते खाली पाहणं आरशाला सुरीपेक्षा जास्त लागलं.

त्याचं खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागलं असतं. सगळे त्याला आरसा म्हणायचे, कारण त्याने केलेल्या भिंतीसमोर उभं राहून भांग पाडता येतो असं लोक गमतीने म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने या नावावर काढली. मग तयार पांढऱ्या भुकटीच्या गोण्या आल्या, भिंती घासायची यंत्रं आली, आणि ज्यांनी जन्मात थापी धरली नव्हती अशी पोरं गुळगुळीत भिंती करायला लागली. बोलावणी आधी कमी झाली, मग थांबली. आरसा दारात बसून रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचा आणि कुणी विचारलंच तर म्हणायचा, हात जरा दुखतोय. हात ठणठणीत होता. बायको दुसऱ्यांच्या कामावर माल कालवायला जायला लागली. शेवटी तिनेच, नवऱ्याला न विचारता, आपल्या धाकट्या भावाकडे शब्द टाकला.

आता गंमत बघा. हाच मेहुणा कधीकाळी आरशाकडे काम शिकायला होता. आरशाने त्याला काही दिवस ठेवला आणि घालवून दिला. याच्या हाताला सरळ रेघ येत नाही, म्हणाला, याला दुसरं काहीतरी बघून द्या. पोरगा गेला, कुठे कुठे भटकला, आणि सिमेंटवाळूच्या मालातून खोटे दगड कोरायला शिकून आला. दगडाला सरळ रेघ नसतेच. त्याच वाकड्या हाताला आता लोक लांबून बोलावणी पाठवत होते, आणि आरसा त्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून उभा होता.

काम होतं रस्त्याकडेच्या एका बागेत. मागे टेकाड, टेकाडाची माती अडवायला जुनी दगडी भिंत, चांगली दोन पुरुष उंच. भिंतीच्या वर मालकाने नुकतीच माती भरून सपाटी केली होती आणि हिरवळ लावली होती. खाली टेबलखुर्च्या येणार होत्या, दिवे येणार होते. मालकाला ती भिंत जुन्या किल्ल्यासारखी दिसायला हवी होती. खरे दगड होतेच की तिच्यात, पण ते ओबडधोबड, काळपट, कुणीही कसेही रचलेले. किल्ला म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढे जे येतं त्यातलं तिच्यात काही नव्हतं. म्हणून दगडावर गिलावा करायचा आणि गिलाव्यावर दगड कोरायचे. आरशाने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्याला वाटलं मेहुणा आपली फिरकी घेतोय.

सुरुवातीला त्याला सुरीला हात लावू दिला नाही. खालचा थर तेवढा द्या, मेहुणा म्हणाला. जुन्या भिंतीत ठिकठिकाणी ओंजळीएवढी भोकं ठेवलेली होती आणि त्यांच्या तोंडाशी दगड हिरवे पडले होते. मालकाला ती नको होती. किल्ल्याच्या भिंतीला अशी बोळकी शोभत नाहीत, तो म्हणाला. मेहुण्याने मान हलवली आणि दाजींना सांगितलं, बुजवून टाका. भोकं कशाला ठेवलेली असतात ते आरशाला कळत होतं. मागच्या मातीतलं पाणी जायला वाट लागते. तो बोलणारही होता. पण सकाळीच मेहुण्याने सगळ्यांदेखत त्याच्या हातातून थापी काढून घेतली होती, आणि ते पोटात होतं. मनात म्हटलं, तू शिकवणारा, मी शिकणारा, तुझं तू बघ. आणि त्याने एकेक भोक दगडाच्या कपच्या ठोकून, माल दाबून, वरून हात फिरवून असं बंद केलं की कुठे होतं ते त्याचं त्यालाही सापडलं नसतं. आयुष्यात वाईट काम करायला तो शिकलाच नव्हता, तिथेही शिकला नाही.

मग शिकणं सुरू झालं. जाड थर चढवायचा आणि वाट बघायची. बोट दाबलं तर खूण उमटली पाहिजे पण माल बोटाला चिकटता कामा नये. त्या वेळेत सुरी घालायची. आधी सांधे ओढायचे, मग कडा मारायच्या, मग दगडाचं पोट थोडं खरवडायचं, चुरगळलेला प्लॅस्टिकचा कागद दाबून त्यावर सुरकुत्या उठवायच्या, ताठ केसांच्या ब्रशने टोचायचं. माल वाळला की स्पंजाने रंग द्यायचा, कुठे पिवळट, कुठे काळा, कुठे नुसतं मळकं पाणी. मेहुण्याचा हात भिंतीवरून फिरायचा आणि मागे दगड उभे राहायचे. आरशाला ते बघवत नसे आणि नजरही हटत नसे.

त्याच्या हातून उठायच्या लाद्या. सगळे दगड एका मापाचे, सांधे ओळीत, चार कोपरे एका ठिकाणी भेटलेले. "हे दगड आहेत दाजी, न्हाणीघर नाही," मेहुणा म्हणायचा आणि पंजाने सगळं पुसून टाकायचा. आणि हात तरी कसा, ऐकेचना. एकदा मोठ्या मुश्किलीने खडबडीत पोटाचे दगड जमले. चहा आला. आरसा एका हाताने पेला धरून वाळू चाळणाऱ्या म्हातारीशी बोलत उभा राहिला, आणि बोलता बोलता दुसऱ्या हाताने रंधा उचलून ते सगळे दगड घोटून सपाट करून मोकळा झाला. पेला खाली ठेवल्यावर त्याला ते दिसलं. चाळणवाली म्हातारी ऐकायला कमी यायची म्हणून हसायलाही मोठ्याने हसायची. ती इतकी हसली की वरच्या हिरवळीला पाणी देणारा माळी काठावर येऊन डोकावला. बायको हसली नाही. तिने पाटी उचलली आणि उगीचच पाण्याच्या टाकीकडे गेली. संध्याकाळी घरी जाताना ती पुढे चालली, हा मागे.

घरी तरी काय वेगळं होतं. पूर्वी हा कामावरून आला की ती विचारायची, आज कुठली भिंत झाली. आता ती काय विचारणार, दिवसभर सगळं तिच्या डोळ्यांपुढेच घडत होतं. तिने जेवण वाढलं आणि सहज बोलावं तसं म्हणाली, त्याच्यावर राग धरू नका, तो लहान आहे. लहान आहे म्हणूनच तर राग येतोय, हे आरशाने घासाबरोबर गिळून टाकलं. त्याला एकच हवं होतं. एकदा, नुसतं एकदा, या बाईने आपल्या कामाकडे बघून खाली मान घालू नये.

दगड जरा बरे व्हायला लागले तसा मेहुण्याने शेवटचा धडा काढला. नुसते दगड कोरले की भिंत नवी दिसते, म्हणाला. तिला वय द्यावं लागतं. कोपरा उडालेला दाखवायचा, मधेच एखादी चीर न्यायची. चीर कोरणं सगळ्यात अवघड. ती हाताने ओढल्यासारखी दिसली की संपलं. ती कुठेतरी अडखळली पाहिजे, दगडातून सांध्यात उतरली पाहिजे, सांधा धरून थोडी चालली पाहिजे आणि मग भलत्याच दगडात शिरली पाहिजे.

आरशाने दिवसभर चिरा कोरल्या. एकूण एक सरळ. मेहुण्याने बघितलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, राहू द्या, उद्या बघू. हे "राहू द्या" आरशाने स्वतः किती पोरांना म्हटलं असेल. त्याचा अर्थ त्याला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी तो बागेत पोचला तर भिंतीपुढे मेहुणा हात कमरेवर ठेवून उभा. शेजारी मालक, मालकाबरोबर दोघं पाहुणे.

"दाजी," मेहुणा वळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की आरसा जागीच थबकला. "ही तुम्ही कोरलीत? मला न सांगता?"

आरशाने वर पाहिलं. त्याच्या वाटणीच्या भागात, वरच्या तिसऱ्या ओळीतल्या दगडातून एक चीर निघाली होती. बारीक निघून ती जरा रुंदावली, सांध्यात उतरली, सांधा धरून चार बोटं गेली, मग काय मनात आलं कुणास ठाऊक, खालच्या मोठ्या दगडाच्या पोटात शिरली आणि तिथे दोन फांद्या फुटून विरून गेली. अशी चीर मेहुण्यालाही जमली नव्हती.

आरशाला काही कळेना. आपण केली का ही? त्याने काल तिथे सुरी चालवली होती हे खरं. त्याची सरळ चीर होती तिथेच, जरा बाजूला, पोरकट दिसत. माल आकसताना तीच फाकली असेल, पुढे धावली असेल. असं होतं कधी कधी. होतं ना? तो तोंड उघडणार तेवढ्यात मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, हे आमचे मिस्त्री, नवीन शिकलेत पण हात बघा. पाहुण्यांनी फोन काढून चिरेचे फोटो घेतले. एकाने परांचीवर चढून तिच्यावरून बोट फिरवून बघितलं. आणि आरशाने पाहिलं की बायको पाटी कमरेवर घेऊन उभी आहे, मान वर करून भिंतीकडे बघतेय, आणि बघतच राहिलीय.

"जमून गेली," आरसा म्हणाला.

बस, एवढंच म्हणाला. त्यात खोटं असं काय होतं, हे तो दिवसभर स्वतःला विचारत राहिला. संध्याकाळी बायको पुढे चालली नाही, बरोबरीने चालली. शेजारणीला तिने दारातूनच हाक मारली आणि सगळं रंगवून सांगितलं, माझा भाऊ सुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिला म्हणाली. आरसा आत बसून ऐकत होता. किती दिवसांनी घराला आवाज आला होता. त्याने दोनदा मागून घेऊन जेवण केलं.

पण गवंड्याचा डोळा म्हणजे काही विकत आणलेली वस्तू नव्हे, की नको तेव्हा काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या त्याची नजर चिरेवर गेली आणि त्याने परांचीवर चढून नख घालून पाहिलं. काल तिच्यात नख जात नव्हतं. आज जात होतं. आकसलेल्या मालाची चीर उन्हं चढली की आहे तिथे थांबते. ही चालत होती.

दुपारपर्यंत त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मधे मालक येऊन गेला. बागेच्या फाटकाचे दोन खांब करायचे होते, तेही दगडीच. ते तुम्ही एकट्याने घ्या मिस्त्री, तो म्हणाला, तुमच्या मेहुण्याशी बोललोय मी. मेहुणाही हसून मान हलवत होता. स्वतःचं काम. सुरी स्वतःची, शब्द स्वतःचा. बायकोने ते ऐकलं आणि तिच्या तोंडावरचं हसू तिला लपवता येईना.

जेवण झाल्यावर मेहुणा झाडाखाली आडवा झाला. आरसा परांचीवर चढला, बांधायच्या तारेचा एक तुकडा सरळ केला आणि चिरेत घातला. गिलावा दोन बोटं जाड होता. तार दोन बोटं गेली, मग वीतभर गेली, मग हातभर आत गेली. ही गिलाव्याची चीर नव्हती. गिलाव्यामागचे खरे दगड सुटले होते. त्याने तार बाहेर ओढली तर तिच्या टोकाला गढूळ पाणी होतं. एक थेंब त्याच्या तळहातावर पडला, मागून दुसरा.

वर माळ्याची नळी हिरवळीवर चालूच होती. रात्रंदिवस चालू असायची, उन्हाळा होता आणि मालकाला गवत हिरवंगार हवं होतं. ते सगळं पाणी मातीत उतरत होतं, भिंतीच्या पाठीशी येऊन थांबत होतं, आणि बाहेर यायच्या वाटा आरशाने स्वतःच्या हाताने, कपच्या ठोकून, घोटून बंद केल्या होत्या. हे त्याच्या ध्यानात आलं. तो बसला. बसल्यावर त्याने खाली पाहिलं.

खाली, बरोब्बर त्याच्या पायाखाली, भिंतीच्या बुडाशी सावलीत, त्याची बायको झोपली होती. रिकामी गोणी अंथरून, पदर तोंडावर घेऊन. शेजारी चाळणवाली म्हातारी बसल्या बसल्या पेंगत होती. ते एक झाड सोडलं तर सगळ्या बागेत दुपारची सावली तेवढीच होती. रोजच्या त्या तिथेच पडत.

तो खाली उतरला. तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "अगं, ऊठ. ऊन येतंय तुझ्यावर. तिकडे झाडाखाली जा."

तिने पदर बाजूला केला, वर बघितलं, झोपेत हसली. "कुठे ऊन आहे. पडू द्या हो जरा," म्हणाली आणि कुशीवर वळली.

आरसा तिच्याजवळ उभा राहिला. सांगायला किती शब्द लागले असते? चीर माझी नाही, भिंत फुटतेय. पण ते सांगितलं की आदल्या दिवसाचं सगळं गेलं. फाटकाचे खांब गेले, तिचं ते वर बघणं गेलं, शेजारणीपुढे शोभा झाली. संध्याकाळी सांगू, त्याने ठरवलं. भिंत काही अशी एका दुपारीत खाली येत नाही. तो तिथेच, दोन हातांवर, ती उठेपर्यंत भिंतीकडे बघत बसला. आपण राखण करतोय असं त्याने स्वतःला पटवलं. भिंत आली असती तर त्याने काय तिला हातांनी धरली असती, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं.

संध्याकाळीही त्याने सांगितलं नाही. तुम्ही पुढे व्हा, मी हत्यारं धुऊन येतो, म्हणाला. सगळे गेल्यावर त्याने मूठभर सिमेंट कालवलं, परांचीवर चढला आणि चिरेवर आडवा एक पट्टा ओढला, तळहाताएवढा, पातळ. सवयीने घोटला. त्या सगळ्या खडबडीत दगडांत तेवढी एकच जागा गुळगुळीत चमकत होती. वाळल्यावर तो पट्टा अखंड राहिला तर भिंत थांबली. फुटला तर चालतेय. जुनी गवंडी माणसं असंच बघतात.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. पट्टा मधोमध फुटून दोन तुकडे झाला होता, आणि एक तुकडा दुसऱ्याच्या पुढे आला होता, बोटाच्या जाडीएवढा. सुरीच्या दांड्याने ठोकून त्याने दोन्ही तुकडे पाडले आणि खिशात घातले. मग ओळंबा सोडला. वर दोरी भिंतीला टेकली होती आणि मधे भिंतीचं पोट पुढे येऊन वजनाला बाजूला ढकलत होतं.

तोवर मंडळी आली. मेहुणा हत्यारांची पिशवी उघडत होता, म्हातारीने भिंतीला टेकवून ठेवलेलं चाळण घेतलं होतं, बायको पहिला माल कालवायला वाळूचं आळं करत होती. आरसा परांचीवरून उतरला तो जवळजवळ पडलाच.

"भिंत फुगलीय," तो मेहुण्याला म्हणाला. "ओळंबा बघ. पाणी बंद करायला सांग आणि सगळ्यांना लांब काढ."

मेहुण्याने एकदा त्याच्याकडे, एकदा दोरीकडे बघितलं. तो वाकड्या हाताचा असेल, पण मूर्ख नव्हता.  माळ्याला हाका मारत तो पायऱ्यांकडे धावला. आरशाने बायकोच्या दंडाला धरून तिला उठवलं, अहो काय झालं म्हणेपर्यंत ओढत झाडापर्यंत नेलं. मग म्हातारीकडे वळला. तिला ऐकू गेलंच नव्हतं. ती आपली चाळणाला हलकेच झोका देत होती आणि वाळू खाली पडत होती. आरसा धावत गेला, तिला काखेत हात घालून उचलली आणि निघाला. म्हातारी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती, माझं चाळण, माझं चाळण म्हणून ओरडत होती.

आवाज आधी फार मोठा झालाच नाही. गोणी फाटून वाळू सांडावी तसा आला. भिंतीच्या मध्यावरचे सगळे कोरलेले दगड एकाच वेळी पुढे झुकले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग त्यांच्या मागून खरे दगड आले. खोटे, खरे, काळी माती, पाणी, हिरवळीच्या घड्या, परांचीचे बांबू, सगळं एकमेकांत मिसळून खाली आलं, वाळूच्या आळ्यावरून गेलं आणि झाडापासून काही पावलांवर थांबलं. धूळ अशी उठली की कुणाला कुणी दिसेना. वरून माळ्याची नळी लोंबत होती आणि तिच्यातून अजून पाणी येत होतं.

 मेहुणा पायऱ्यांवर अर्ध्यात उभा होता, हात तसाच वर. मग त्याने माणसं मोजली. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. सगळे होते.

मालक आला तो अनवाणीच. ढिगाऱ्याकडे बघून तो मटकन बसला, आणि काय झालं ते मेहुण्याकडून कळल्यावर उठून त्याने आरशाचे दोन्ही हात धरले. भिंत परत बांधता येईल, माणसं कुठून आणली असती, असं काहीतरी तो बोलत होता. तुमच्या नजरेमुळे वाचलो, मिस्त्री. मेहुणा खाली आला, सगळ्यांदेखत वाकला आणि आरशाच्या पायांना हात लावला. "दाजी, मी इतके दिवस तुम्हाला शिकवत होतो," म्हणाला. म्हातारीसुद्धा चाळणाचं विसरून डोळे पुसत होती.

बायको झाडाच्या बुंध्याशी बसली होती. केसांत, पापण्यांत धूळ. ती ढिगाऱ्याकडे बघत होती, जिथे वाळूचं आळं होतं आणि आता नव्हतं. मग तिची नजर जरा आत गेली, भिंतीच्या बुडाशी, जिथे आता छातीएवढे दगड पडले होते. तिथेच थांबली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"काल दुपारी," ती म्हणाली, "तुम्ही मला ऊन येतंय म्हणून उठवत होतात."

मालकाने आरशाचे हात अजून सोडले नव्हते.

"तिथे ऊन येतच नाही," ती म्हणाली. "दिवसभर येत नाही."

तेवढ्यावर सुटता आलं असतं. मला तसं वाटलं, म्हणता आलं असतं. सगळे त्याच्याच बाजूचे होते, मेहुणा पायाशी होता, कुणी खोदून विचारलं नसतं. आरशाने मालकाच्या हातांतून आपले हात काढून घेतले.

"चीर मी कोरली नव्हती," तो म्हणाला. "परवा सकाळीच शंका आली होती. काल दुपारी तार घालून बघितली. पाणी आलं." त्याने ढिगाऱ्याकडे बोट केलं. "भोकं मीच बुजवलेली. ती कशाला असतात ते मला माहीत होतं."

मेहुणा हळूहळू उभा राहिला. मालकाने त्याच्याकडे पाहिलं, मग आरशाकडे, आणि एक पाऊल मागे सरकला. म्हातारी सगळ्यांची तोंडं बघत होती आणि कुणीतरी मोठ्याने सांगेल म्हणून वाट बघत होती. कुणी सांगितलं नाही.

"काल दुपारी," बायको पुन्हा म्हणाली. ती ओरडली नाही. तिचा आवाज साधा होता, मीठ आहे का विचारावं तसा. "मी तिथे झोपले होते."

आरसा तिच्यापाशी गेला. तिला उठवायला त्याने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे बघितलं, नखांतल्या सिमेंटपासून मनगटापर्यंत नीट बघितलं, जणू पूर्वी कधी तो पाहिलाच नव्हता. मग ती वळली, म्हातारीच्या खांद्याचा आधार घेतला आणि आपली आपण उठली.